नाणे कडेने धरावे

नोव्हाय, मिशिगन
९ सप्टेंबर २०२४

गुरुनाथराव,

अभिनंदन पुढच्या पानावर आहे. आधी भांडण.

तुमच्या पुण्याच्या प्रकाशकांनी पाठवलेलं ‘हिरवळीवरचा पैसा’ काल पोचलं. मी कात्रीने पाकीट उघडलं, पुस्तक बाहेर काढलं, आणि मुखपृष्ठावर थेट भिंगच धरलं. फोटोत तुमचा हात आहे. हातात भोकाचा पैसा आहे. आणि तुमचा अंगठा चक्क त्या पैशाच्या चेहऱ्यावर आहे! सपाट! जत्रेत फुगेवाल्याला पैसे द्यावेत तसा!

आपला फिरता डबा किती वर्षं या देशात हिंडतोय. माझ्याकडून तुमच्याकडे बेलव्ह्यूला, तुमच्याकडून सुशांतकडे न्यू जर्सीला, तिथून आणखी चार घरी आणि परत माझ्याकडे. ज्याने त्याने आतली नाणी बघायची, चिठ्ठीवर ओळख लिहायची, आपलं एक नाणं घालायचं आणि डबा पुढे पाठवायचा. त्या डब्याच्या झाकणावर माझ्या अक्षरात एकच सूचना आहे: ‘नाणे कडेने धरावे.’ बोटाचा घाम तांब्यावर बसला की डाग पडतो आणि तो डाग आपल्यापेक्षा जास्त जगतो. हे मला कोणी सांगितलं? तुम्ही! आपल्या नाण्यांच्या कट्ट्याच्या पहिल्या बैठकीत! मी फक्त ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

आणि तो पैसा माझा आहे. म्हणजे मी तुम्हाला दिलेला. मी तो पाकिटात घालून, कडेने धरून दिला होता. तो तुम्ही ओल्या गवतावर ठेवता? गोल्फच्या चेंडूची जागा राखायला? एखाद्याला पैठणी दिली आणि त्याने त्या पैठणीनेच ओटा पुसला, असं झालं.

दुसरं भांडण. डबा या वेळी तुमच्याकडून फिरून आला. माझ्या १९३९ च्या पाव आण्यावर तुम्ही ‘कलकत्ता टांकसाळ’ अशी चिठ्ठी लावली आहे. सालाखाली मुंबई टांकसाळीच्या खुणेचा ठिपका आहे, गुरुनाथराव. माझ्या नातीला दिसला. तुम्ही भिंग न लावता ठिपका ओळखणारे गृहस्थ, त्यामुळे कोणी तपासलं नाही आणि चिठ्ठी सगळीकडे तशीच फिरली. गोल्फमुळे माणसाचं लक्ष उडतं असं मी ऐकून होते, आता पुरावा मिळाला.

तिसरं भांडण तुमच्याशी नाही. आपल्या ग्रुपवर पुस्तकाची बातमी टाक म्हणून सुशांतला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, यार, गोल्फचं बुक नाण्यांच्या ग्रुपवर कसं टाकणार? ऑफ-टॉपिक होईल.” मी म्हटलं, मावशी की यार ते आधी ठरव, आणि मग मला सांग, गेल्या महिन्यात तू तुझ्या नव्या गाडीचा फोटो टाकलास, ती कोणत्या टांकसाळीत पाडली? तो हसला. मी हसले नाही.

आता अभिनंदन. पुस्तक मी अजून वाचलेलं नाही, पहिली चार पानं चाळली. गोल्फबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. नागपूरला आमच्या शाळेच्या वाटेवर एक तारेचं कुंपण होतं. आत साहेबलोक एवढ्याशा चेंडूमागे दुपार घालवायचे, आणि सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला म्हणायच्या, “मुलींनो, नजर समोर.” माझी नजर तेव्हापासून समोरच आहे. पण तुमची ती चार पानं वाचताना चहा निवला. बाकीचं वाचून लिहिते.

अजून रागात,
सुलेखा


बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
२० सप्टेंबर २०२४

सुलेखाताई,

तुमचं पत्र रत्नाने मला दोनदा ऐकवलं. ओटा पुसण्यापाशी ती थांबून हसली, म्हणून दोनदा.

तुमची नानी आठवड्यापूर्वी वेगळ्या पाकिटातून मिळाली. नानी सुंदर आहे. थोडी झिजली आहे पण रंग अजून छान आहे आणि दोन्ही बाजूंचा साप ठसठशीत आहे. इतकी जुनी नानी इतक्या चांगल्या अवस्थेत क्वचित मिळते. जपून ठेवली आहे.

पाव आण्याची चूक झाली खरी. क्षमा असावी. एक विनंती आहे. डब्याच्या यादीतून यापुढे माझं नाव वगळावं. तुमच्याकडून तो थेट सुशांतकडे जाऊ दे. इकडे वेळ पुरत नाही. सकाळ मैदानावर जाते, दुपारी थकायला होतं. चुकीच्या चिठ्ठ्या फिरण्यापेक्षा हे बरं.

पुस्तकाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. नानी गोळा करणाऱ्या माणसाने चालता चालता मारलेल्या गप्पा आहेत.

तुमचा,
गुरुनाथ


नोव्हाय
२८ सप्टेंबर २०२४

गुरुनाथराव,

माझी नानी, म्हणजे माझ्या आईची आई, वर्ध्याला वारली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. ती पाकिटात मावली नसती, आणि तिला कोणी ‘थोडी झिजली आहे’ म्हटलेलं तिने ऐकून घेतलं नसतं. साप तर तिला अजिबात आवडत नसे.

हे काय चाललंय? तुमचं मोत्यासारखं अक्षर सोडून हे छापील पत्र, त्यात नाण्यांची नानी आणि छापाचा साप! कुणा नातवाकडून टाइप करून घेता का? घेत असाल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी आयुष्यभर मोटारींचे ब्रेक तपासले. केसाएवढी चीर असली तरी माल परत पाठवायची. शुद्धलेखन मला काय अवघड आहे!

बरं, ते असो. मी पुस्तक वाचलं. सगळं. शेवटच्या पानावर आले तेव्हा उन्हं स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेली होती आणि डाळ भिजत घालायची राहिली होती.

मला कौतुक करायची सवय नाही. सिस्टर बेनेडिक्टांच्या मते स्तुतीने मुली बिघडतात. पण तुम्ही आता बिघडायच्या वयाचे राहिला नाहीत, म्हणून सांगते. इतकं चांगलं पुस्तक मी बऱ्याच वर्षांत वाचलेलं नाही. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हिरवळीवर आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत आला तर तो उचलायचा, त्या जागी नाणं ठेवायचं, त्याला खेळू द्यायचं आणि मग चेंडू परत तिथेच ठेवायचा, ही रीत तुम्ही समजावलीत तेव्हा वाटलं, अरे, हा तर सभ्य माणसांचा खेळ दिसतो. आणि प्रत्येक प्रकरणाला एक नाणं! मैदानावर त्या दिवशी खिशात कोणतं होतं, ते कुठून आलं, ते ठेवलं तेव्हा काय झालं. तुम्ही लिहिता: ‘नाणं ठेवलं की तेवढा वेळ ती जागा माझी होते. मग नाणं उचलायचं आणि जागा परत द्यायची.’ हे वाक्य मी मोठ्याने वाचलं. नैना वरून ओरडली, “आजी, हू आर यू टॉकिंग टू?” म्हटलं, एका मोठ्या लेखकाशी.

माझ्या भोकाच्या पैशाचं प्रकरण तर फारच उत्तम. पैसा गवतावर ठेवला आणि भोकातून गवताचं एक पातं वर आलं, ते बोटाला लागलं, असं लिहिलंय तुम्ही. नाणी पाकिटात घालून आपण किती वर्षं ठेवली, पण त्यातल्या एकातून काही उगवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पैठणीबद्दल बोलले ते मागे घेते. निम्मं.

एक सांगू? दर पानावर रत्नावहिनी आहेत. रत्ना मागे उभी होती, रत्ना म्हणाली जरा डावीकडे, ‘चेंडू कुठे गेला ते रत्ना सांगते; कसा गेला ते मला आवाजावरून कळतं.’ एवढं प्रेम छापून आणायला धीर लागतो. आमचे हे भाजी आणायला गेले तरी माझ्या वीस पावलं पुढे चालायचे.

सुशांतला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, पुस्तकात छत्तीस नाणी आहेत, तुझ्या गाडीत किती? बातमी ग्रुपवर आली आहे, तुम्ही पाहिलीच असेल. शिवाय मी ठरवलंय की नोव्हेंबरात इथे आपला कट्टा भरतो तो या वर्षी तुमच्या पुस्तकाचा असेल. लायब्ररीचा हॉल घेतला आहे. तुम्ही ‘भोकाचा पैसा’ हे प्रकरण वाचून दाखवायचं आहे. सगळ्यांना तसं कळवलं आहे. बटाटेवडे मी करते.

डब्यातून नाव वगळणार नाही. काहीतरीच!

आपली,
सुलेखा
(आजची नाणी वेगळ्या पाकिटात आहेत. नानी नाही.)


बेलव्ह्यू
६ ऑक्टोबर २०२४

सुलेखाताई,

तुम्ही लिहिलंत ते मी रत्नाला पुन्हा वाचायला लावून ऐकलं. पुस्तक छापून आलं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. खोटं सांगत नाही.

पण मला यायला जमणार नाही. नोव्हेंबरात इथे स्पर्धा आहे आणि नाव आधीच दिलं आहे. वाचून दाखवायला सुशांतला सांगा, त्याचा आवाज चांगला आहे.

आणखी एक ठरवलं आहे. माझा सगळा संग्रह कट्ट्याला द्यायचा. शिवकालीन तांब्याच्या शिवराया, संस्थानी नाणी, सगळंच. खोकी बांधायला घेतली आहेत. कुणाला काय द्यायचं हे तुम्ही ठरवा, तुमच्याइतकी कडक नजर दुसऱ्या कुणाची नाही. वस्तू ज्याला बघता येते त्याच्याकडे असावी.

वडे रत्नाच्या वाट्याचेही तुम्हीच खा.

तुमचा,
गुरुनाथ


नोव्हाय
१२ ऑक्टोबर २०२४

गुरुनाथराव,

हे पत्र मी तीन प्रकारे सुरू केलं. पहिल्या दोनमध्ये नुसत्या शिव्या होत्या. कॉन्व्हेंटमधल्या, म्हणजे सभ्य, पण शिव्याच. नोव्हेंबरात तुमच्याकडे गोल्फची स्पर्धा! त्या पावसात तुमच्याकडची बदकंसुद्धा घरात बसत असतील. खोटं बोलायचं तर निदान हवामान बघून बोलावं. आणि संग्रह देऊन टाकायचा! शिवराया म्हणजे काय जुने स्वेटर आहेत?

मी इतकी तापले होते की पेन धरवेना. नैना खाली आली. म्हणाली, “आजी, यू आर सो मॅड. डोन्ट राइट, जस्ट टॉक. फोन टाइप करेल.” तिने फोनवर मराठी लावून दिलं आणि माझ्या तोंडासमोर धरला. मी म्हणाले, “तुमची नाणी तुमच्याकडेच ठेवा.”

फोनने लिहिलं: ‘तुमची नानी तुमच्याकडेच ठेवा.’

मी पुन्हा म्हणाले, सावकाश, ण वर जोर देऊन. पुन्हा नानी. मग म्हणाले, “छाप.” साप आला. नैनाला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. फोन तिच्या हातात दिला आणि मी पुस्तक घेऊन बसले.

या वेळी मी ब्रेक तपासायचे तसं वाचलं. ‘पातं बोटाला लागलं.’ दिसलं नाही, लागलं. चेंडूचा आवाज, गवताचा ओलेपणा, नाण्याची कड खिशातल्या बोटांना कशी लागली, वाऱ्याची दिशा कोणत्या कानावर. शेवटच्या दहा प्रकरणांत एकदाही तुम्हाला काही दिसलेलं नाही. रत्नावहिनी मागे उभ्या असतात त्या प्रेमाने असतील, पण दिशा सांगायलाही असतात. पत्र तुम्हाला ‘ऐकवलं’ जातं. माझं लिहिलेलं तुम्ही ‘ऐकता’. आणि ठिपका. तुम्हाला न दिसलेला ठिपका.

मी सरळ विचारते, कारण वाकडं विचारायला मला शिकवलेलं नाही. तुम्हाला दिसत नाही का?

खोकी बांधू नका. उत्तर येईपर्यंत एक दोराही बांधू नका.

सुलेखा


बेलव्ह्यू
२१ ऑक्टोबर २०२४

सुलेखाताई,

नाही. म्हणजे, दिसतं, पण मधलं दिसत नाही.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असं डॉक्टर म्हणाले. समोर बघितलं की जिथे बघावं तिथेच धुकं असतं. माणसाच्या खांद्यावरचा शर्ट दिसतो, चेहरा नाही. कडेकडेचं सगळं शाबूत आहे. मान वळवून, तिरकं पाहिलं तर थोडं सापडतं. गंमत बघा, नाण्याचंही असंच असतं. चेहरा उंच असतो म्हणून तो आधी झिजतो आणि कडेची अक्षरं शेवटपर्यंत टिकतात. मी आयुष्यभर झिजलेल्या नाण्यांना नावं ठेवली. आता मीच एक झालो.

गोल्फ सुटलं नाही, कारण चेंडू तसाही कुणाला नीट दिसत नाही, सगळे अंदाजानेच बघतात. रत्ना मागे उभी राहून सांगते, डावीकडे, जास्त नको, मार. ती आयुष्यभर मला हेच सांगत आली, आता मी ऐकतो एवढाच फरक. पुस्तक मी तिथेच बोललो, चालता चालता, फोनमध्ये. प्रकाशकांच्या बाईंनी चुका निस्तरल्या. त्यांनाही पहिल्या प्रकरणात बऱ्याच नानी भेटल्या.

तुम्हाला लिहिलेल्या पत्रातल्या नानी मात्र रत्नाने मुद्दाम राहू दिल्या. कागदावर छापताना तिने पाहिल्या, हसली, आणि पाकीट बंद केलं. मला हे कालच कळलं. मी रागावलो तर म्हणाली, “तुम्ही सांगणार नव्हता. त्या शोधून काढतील याची मला खात्री होती.”

सांगितलं का नाही ते सांगतो. डब्यात तुम्ही सगळे मला मानता ते माझ्या नजरेसाठी. ती गेल्यावर कट्ट्यात माझं काय काम? आणि दुसरं, ते सांगायला जास्त लाज वाटते. मी नाणी अंगठ्याने वाचतो. पाकिटातून काढतो आणि चेहऱ्यावर अंगठा फिरवतो. मुखपृष्ठाच्या फोटोत तुम्ही पकडलंत ते बरोबर होतं. फोटोवाला म्हणाला, काका, नेहमी धरता तसं धरा, आणि मी तसंच धरलं. दर वेळी झाकणावरची तुमची सूचना आठवते. तेवढी मला अजून स्पष्ट दिसते, डोळे मिटले तरी. पाव आण्यावरचा ठिपका मात्र अंगठ्याला फार बारीक पडला.

लोकांसमोर उभं राहून स्वतःचंच पुस्तक न वाचता येणारा लेखक मला व्हायचं नाही. संग्रह तुम्ही घ्या. माझे डाग लागायच्या आत.

गुरुनाथ


नोव्हाय
२८ ऑक्टोबर २०२४

गुरुनाथराव,

सोबत माझी शिवराई आहे. ती, तुम्हाला माहीत असलेली, जी मी डब्यात कधी घातली नाही आणि सुशांतला दुरूनच दाखवते. ती पाकिटात नाही. डबीत नाही. माझ्या जुन्या सुती रुमालात गुंडाळली आहे. बाहेर काढा आणि चेहऱ्यावर अंगठा फिरवा. दोन्ही बाजूंनी. हा हुकूम समजा.

पाठवण्याआधी मीही करून पाहिलं. दार लावून घेतलं, नैना बघेल म्हणून. डोळे मिटले आणि शिवराईवर अंगठा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. ती गार होती, मग गरम झाली. मला काहीही वाचता आलं नाही. एक उंचवटा, एक खळगा, एक काहीतरी वळणाचं. छ होता की त्र, देव जाणे. किती वर्षं मी तिच्याकडे भिंगातून बघते आहे आणि तिला हात लावल्यावर माझी तिच्याशी साधी ओळखसुद्धा नाही! तुम्ही या वयात, कुणाला न सांगता, अंगठ्याला अक्षरं शिकवलीत. आणि त्याची लाज बाळगता? संताप येतो मला. पुस्तकाचं कौतुक केलं तेव्हा मला वाटलं होतं ते पुस्तकाचं आहे. आता कळतंय की ते अर्धंच होतं.

डब्याचं झाकण मी बदललं आहे. जुन्या सूचनेखाली नवी ओळ घातली: ‘गुरुनाथराव वगळून.’ फक्त तांबं हं! चांदीवर बोट ठेवलंत तर मी बेलव्ह्यूला येऊन भांडेन. बारीक ठिपके आम्ही बघू, आम्हाला दुसरं काम काय आहे? पण झिजून सपाट झालेल्या शिवराया आम्हाला भिंगातून दिसत नाहीत, आणि सुशांत प्रत्येकीवर ‘अनक्लियर’ अशी चिठ्ठी लावतो. त्या तुम्ही वाचायच्या. डबा यापुढे नोव्हायहून बेलव्ह्यूलाच येईल.

आणि वाचून दाखवायचं नाही. पुस्तक तुम्ही लिहिलंच कुठे, तुम्ही ते बोललात! तसंच बोला. मैदानावर चालता तसं. हॉल लांब आहे, हवं तर चालत बोला, रत्नावहिनी मागून सांगतील, डावीकडे, जास्त नको. कट्ट्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुमचं. पण मला विचाराल तर त्यांना ऐकवायला याहून चांगलं तुमच्याकडे काही नाही.

खोकी सोडा. दोरा जपून ठेवा, माझ्याकडे संपलाय.

येताय ना?

सुलेखा


बेलव्ह्यू
३ नोव्हेंबर २०२४

सुलेखाताई,

नानी मिळाली. हे मी दुरुस्त करू देणार नाही, रत्नाला तसं बजावलं आहे.

रुमाल सोडून ती तळहातावर घेतली आणि मग मला धीर होईना. रत्नाने माझा अंगठा धरून तिच्यावर ठेवला. एका बाजूला ‘छत्र’ आणि खाली ‘पति’. दुसऱ्या बाजूला ‘श्री राजा’ पूर्ण आहे, आणि ‘शिव’मधला व कडेला अर्धा कापला गेला आहे, ठसा जरा उजवीकडे सरकला होता म्हणून. बरोबर का? बरोबर नसेल तरी सांगा.

रत्नाने शुक्रवार, १५ तारखेची दुपारची तिकिटं काढली आहेत. खोकी सोडली. दोरा आणतो.

एकच भीती आहे. विमानतळावर गर्दीत मला माणसं ओळखता येत नाहीत. समोर आलेल्याला मी हसून नमस्कार करतो आणि तो भलताच निघतो. मागे डेन्व्हरला एका पायलटला मी ‘काय मामा’ म्हणालो होतो. तुम्हाला ओळखलं नाही तर रागावू नका.

गुरुनाथ


नोव्हाय
७ नोव्हेंबर २०२४

गुरुनाथराव,

बरोबर. अर्धा व. मला तो भिंगातूनही दोन चष्मे बदलल्यावर सापडला होता, आणि तेव्हाही मी त्याला ओरखडा समजले होते.

बटाटे आणले आहेत. सुशांत म्हणतो, “मावशी, मी काकांना रेकॉर्ड करू का? ग्रुपवर टाकतो.” मी म्हटलं, ऑफ-टॉपिक होणार नाही ना? तो ‘सॉरी’ म्हणाला. पहिल्यांदाच.

विमानतळाचं ऐका. बाहेर आलात की थेट समोर बघू नका, तिथे धुकं असेल आणि परकी माणसं असतील. पिवळी साडी नेसून येते. मी समोर उभी राहणार नाही. उजव्या कडेला उभी असेन.

सुलेखा